उजवीकडे समुद्र

४ नोव्हेंबर

समुद्र आजही आला नाही!

वस्तुतः समुद्राने यायचे नसते, आपण त्याच्याकडे जायचे असते, हे अस्मादिकांस ठाऊक आहे. परंतु ज्या ग्रंथाचे नाव ‘सागरकिनारी सायकलीवर : बारा मार्ग’ असे ठेवण्यात आले आहे, त्यात सातव्या मार्गापर्यंत तरी समुद्राने तोंड दाखवावे की नाही?

आजचा मार्ग दीपगृहाकडे जाणार होता. कागदावर. प्रत्यक्षात एक्केचाळीस किलोमीटर कोबी. कोबी, पुनश्च कोबी, आणि एका वळणावर दोन बदके — माझ्या पोटरीविषयी वैयक्तिक आकस बाळगणारी. हमरस्त्यावरच्या तिठ्यापाशी दीपगृह उजव्या हाताला शुभ्र, स्पष्ट दिसत होते. आणि डांबरावर दादाचा खडूचा बाण — डावीकडे!

पद्धत कडक आहे. थोरले बंधू पुढे जातात आणि प्रत्येक वळणावर खडूने बाण काढतात. मी पाव तास मागून, केवळ त्या बाणांच्या भरवशावर, अंतरे आणि चढउतार वहीत टिपत येतो. मागच्याला बाणांवरून वाट सापडली नाही तर तो मार्ग पुस्तकात घ्यायचा नाही, हा आमच्या सायकल मंडळाचा वीस वर्षांचा दंडक. बाण डावीकडे, म्हणजे मीही डावीकडे. कोबी तर कोबी.

५ नोव्हेंबर

मुद्रकाचा फोन. मुखपृष्ठे छापून तयार आहेत. त्यांवर दीपगृह, लाटा आणि विपुल फेस.

“साहेब, हा समुद्र आत कितव्या पानावर येतो?”

“प्रस्तावनेत,” म्हणालो.

“आणि नंतर?”

नंतर मी फोन ठेवला. महिनाअखेर हस्तलिखित द्यायचे आहे!

८ नोव्हेंबर

मार्ग क्रमांक आठ. समुद्र नाही. घरी परतताना दादाला गाठून सविनय पृच्छा केली.

“तिकडे फार वारा असतो रे.”

वारा! हा मनुष्य एकसष्ट वर्षांचा आहे आणि त्यांपैकी किमान चाळीस वर्षे वाऱ्याला अपशब्द वापरीत त्याच्यावर चाल करून गेला आहे. मी म्हटले, दीपगृहाचा रस्ता मी एकटा जाऊन टिपून आणतो. एकदम कडाडला —

“माझा खडू जिथे लागला नाही, तो रस्ता पुस्तकात जाणार नाही. कळलं?”

कळले. पंचावन्नाव्या वर्षीही मी धाकटाच आहे, एवढे निश्चित कळले.

१२ नोव्हेंबर

संशोधन! आठही मार्गांच्या नोंदी टेबलावर मांडल्या. एकूण खुणेची वळणे : एकशे एकतीस. डावी : एकशे एकतीस. उजवी : शून्य.

एके ठिकाणी तर उजव्या हाताची पाणचक्की गाठण्यासाठी बंधुराजांनी तीनदा डावीकडे वळवून मला अख्ख्या गावाभोवती फिरवले आहे. नकाशावर आठही मार्ग काढून पाहिले. आठ बटाटे दिसतात. एकही बटाटा किनाऱ्याला टेकत नाही, कारण किनाऱ्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता हमरस्त्यावरून उजवीकडे फुटतो.

तत्क्षणी फोन केला. म्हणालो, “हा काय प्रकार आहे? उजव्या दिशेने तुझं काय घोडं मारलंय?”

“मग तूच हो पुढे! घे खडू, आणि काढ तुझं पुस्तक!”

फोन बंद.

सौभाग्यवतींचा अभिप्राय : “केस पिकले दोघांचे, पण भांडता अजून सहावीत असल्यासारखे.” मी निदर्शनास आणून दिले की सहावीत असताना आम्हांला समुद्र सापडत असे.

१५ नोव्हेंबर

अपमान! तोही चहाच्या वेळी, कपबशीच्या साक्षीने!

समेट करावा म्हणून दादाकडे गेलो. तो खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचीत होता. मी आवाज न करता त्याच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसलो. मनात क्षमायाचनेचे एक सुबक वाक्य जुळवीत होतो, त्यात दोन समास होते. वहिनी चहा घेऊन आल्या. दादा त्यांना विचारतो —

“धाकटा आला नाही का अजून?”

मी हातभर अंतरावर! जित्याजागत्या माणसाची इतकी निर्घृण उपेक्षा! वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी उठलो आणि दोन्ही समासांसह घरी आलो.

१६ नोव्हेंबर

अजून राग आहे. नोंद संपली.

१७ नोव्हेंबर

साखळी सैल झाली म्हणून सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. आत दादाची सायकल उलटी टांगलेली. उजव्या मुठीला नवा आरसा बसवणे चालले होते.

“तीन महिन्यांतला तिसरा,” दुरुस्तीवाला म्हणाला. “आधीचे दोन फाटकाच्या खांबावर फुटले. दरवेळी हीच बाजू! मी म्हटलं, काका, खांब काय पळत येतो का अंगावर? तर हसले नुसते.”

मी हसलो नाही. तेलकट स्टुलावर बसलो. एकशे एकतीस डावी वळणे. उजव्या हाताची खुर्ची. “धाकटा आला नाही का अजून?”

घरी येऊन वहिनींना फोन लावला. पलीकडे आधी दार लावून घेतल्याचा आवाज. मग —

“उजवा डोळा गेलाय, भावोजी. जूनमध्येच. डॉक्टर म्हणाले, डावा चांगला आहे, सायकल चालवा, पण एकटे जाऊ नका. कुणीतरी बरोबर हवं. आणि हे रोज एकटेच पुढे! मंडळात कळलं तर खडू काढून घेतील म्हणतात. तुम्हांलासुद्धा सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय.”

हमरस्त्यावर उजवीकडे वळायचे, तर उजव्या खांद्यावरून मागची वाहने पाहावी लागतात. ती त्याला दिसत नाहीत. आणि मी पाव तास मागे, वहीत बदकांची निंदा लिहीत!

१८ नोव्हेंबर

प्रस्तुत लेखकास आज विनोद सुचत नाही.

२० नोव्हेंबर

सुचला.

दादाकडे गेलो. या खेपेस डाव्या बाजूने, पाय आपटीत, खोकत. सांगितले की माझी दृष्टी मंदावली आहे. डांबरावरचे बाण दिसेनासे झाले आहेत. तेव्हा इथून पुढे मागून येणे मला अशक्य. मला सोबत घेऊन चाल, नाहीतर पुस्तक बुडाले.

त्यावर जे प्रवचन झाले! “डोळ्यांची हयगय? या वयात? लपवून काय मिळतं? घरच्यांना सांगायला लाज कसली? अरे, एखाद्या गाडीखाली आलास म्हणजे?” अर्धा तास. मी अधोवदन होऊन सर्व ऐकले. दाराआड वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे.

अखेरीस हुकूम सुटला : “बरं, माझ्या बाजूने चल. पण बडबड करायची नाही.”

बडबड करायची नाही! माझ्या साऱ्या योजनेचा आधारस्तंभच बडबड आहे.

२२ नोव्हेंबर

मार्ग क्रमांक नऊ. मी दादाच्या उजव्या हाताला, अर्धे चाक मागे. अखंड बोलत राहिलो, म्हणजे मी कुठे आहे ते त्याला कळावे. कोबीची लागवड, मुद्रकाचा स्वभाव, सौभाग्यवतींचे आहारविषयक नवे सिद्धान्त. “गप्प बस रे!” असे तो सात वेळा म्हणाला. बसलो नाही.

तिठा आला. दादाचा वेग मंदावला. नेहमीप्रमाणे हँडल डावीकडे कलू लागले. मी मागे पाहिले. कोबीने भरलेला ट्रक. जाऊ दिला. त्यामागे एक मोटार. तीही गेली. रस्ता रिकामा.

“चल,” म्हणालो.

त्याने मान वळवली नाही, कारणही विचारले नाही. वळला. उजवीकडे!

चार किलोमीटर उतार, मग एक वाळूचा चढ, आणि त्यापलीकडे तो. प्रचंड, करडा, निर्लज्जपणे अथांग. इतके दिवस तिथेच होता. वारा खरोखरच फार होता.

दादा दीपगृहाच्या भिंतीला टेकून उभा राहिला. मी इतका हर्षित झालो की दूरच्या नौकेवरचा क्रमांक त्याला मोठ्याने वाचून दाखवला. सहाही आकडे. दादाने मान पुरती वळवून माझ्याकडे पाहिले.

परतताना तिठ्यावर उतरला. मी वाहने थोपवून धरली, एका चालकाने माझ्या कुळाचा उद्धारही केला. दादाने गुडघा टेकून बाण काढला. उजवीकडे. नंतर तो पुन्हा गिरवला.

२३ नोव्हेंबर

सकाळी दादाचा फोन. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याने उद्या दहाची वेळ घेतली आहे. दोघांसाठी.

“तुझं ढोंग आणि माझं, एकाच खेपेत तपासून घेऊ,” म्हणाला. “साडेनऊला ये. माझ्या बाजूने चल.”

मी रस्ता पाहून आलो आहे. दोन वळणे. दोन्ही उजवी.