चित्रातली दोरी

ब्राउनश्वाइग, नोव्हेंबर २०१६

प्रिय शमिका,

प्रदर्शनाच्या तयारीला तू न्युरेम्बर्गला गेलीस. मी बरोबर येते म्हटलं तर हसलीस. काल तो गॅलरीवाला तुझं मोठं चित्र बघून गेला. तेच, खाली निळी पृथ्वी आणि काळ्या आकाशात एकटी अंतराळवीर बाई. कमरेला दोरी नाही, केवढं स्वातंत्र्य, म्हणून गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, करत मान डोलवत राहिला. डोंबलाचं स्वातंत्र्य! मी त्याला दुसरा चहा विचारला नाही.

यानाबाहेर काम करताना दोरीचा नवा हूक अडकवल्याशिवाय जुना सोडायचा नाही, हे तूच मला शिकवलंस. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर गाठ मारल्याशिवाय टाका घालू देत नसत, तसंच. तू वर अंतराळात होतीस तोवर मी देवापेक्षा तुझ्या हुकावर जास्त भरवसा ठेवला. परत आलीस तेव्हा चहाचा कप हवेतच सोडून द्यायचीस, तरंगेल अशा समजुतीने. जावईबापू श्रीधरराव आणि मी हसत हसत फरशी पुसायचो. मग तू नोकरी सोडलीस. चित्रं काढते म्हणालीस. मी म्हटलं, काढ बाई, स्वतः वर जाऊन आलेले चित्रकार असतात किती! मग संसार सोडलास. श्रीधरराव बॅगा घेऊन गेले. मग मैत्रिणींचे फोन घेणं सोडलंस. जुने हूक एकेक सुटत गेले, नवा कुठे अडकवलास ते मला काही दिसेना. चित्रांतली दोरीसुद्धा आधी बारीक झाली, मग गेलीच. विचारलं तर म्हणालीस, आई, ती कॉम्पोझिशनमध्ये मध्येच येते. गेल्या आठवड्यात तू बाल्कनीच्या कठड्यावर बसून वर बघत होतीस. आपला चौथा मजला. मी किंचाळले, तर दचकलीही नाहीस. तेव्हापासून तू आंघोळीला गेलीस तरी मी दाराशी उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायचे. आता फोनवर तू 'बरी आहे' म्हणून ठेवून देतेस. मी चिडते, टोमणे मारते, ते वरवरचं. मी घाबरले आहे गं.

उद्या चित्र न्यायला गाडी येईल. हे पत्र त्याच्या पाठीला चिकटवते, म्हणजे बोंब मारण्याआधी वाचशील. आज तुझा बारीक ब्रश घेऊन मी त्या बाईच्या कमरेला पांढरी दोरी काढली. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी झाली आहे. चित्र बिघडलं असेल तर रागाव, हवं तेवढं भांड, पण भांडायला घरी ये. दुसरं टोक चौकटीबाहेर नेलं आहे. ते कोणी धरलंय, हे त्या गॅलरीवाल्याला सांगत बसू नकोस.

घट्ट धरून उभी असलेली,
तुझीच,
आई