सूनबाईंची सरकारी पेटी

२ मार्च
सूनबाई वैशाली खकनार गावातल्या प्रशिक्षणातून मधमाश्यांची पेटी घेऊन आली. सरकारच्या उद्यानिकी खात्याची योजना. महिनाभर माश्या टिकल्या तर आणखी चार पेट्या, उडून गेल्या तर हीसुद्धा परत. सौ.ला म्हणालो, केळं आपसूक धरतं, माशी कशाला? सौ.नी सूनबाईंना सांगितलं. उत्तरही सौ.च्या तोंडून: "केळीसाठी नाही, तिच्या गिलक्या-काकडीसाठी." लग्नाला नऊ वर्षं झाली, वैशाली माझ्याशी थेट बोलत नाही. पदर डोक्यावर, मान खाली. आमचं पोस्ट सौ. चालवते.

९ मार्च
पेटी मळ्याच्या बांधावर. सकाळचा चहा तिथेच घेतो. सौ.ला सांगितलं, पाण्याची पाळी बघायला जातो. माश्या पायाला पिवळी पूड लावून येतात, आत शिरतात, लगेच बाहेर. अगदी आमच्या सूनबाई. गुणाची पोर आहे. तोंडावर म्हणायची सोय नाही.

१४ मार्च
सौ. शहरात, शनवारा भागात बहिणीकडे. पोस्ट बंद. ताट येतं, आवाज नाही. मुलाचा, निलेशचा, इंदूरहून फोन: सोमवारी उद्यानिकीचे साहेब पेटी बघायला येणार. म्हटलं, सरकारी माणूस येतोय, मळा कसा चकचकीत दिसला पाहिजे! वेळूला विळा बांधला, लागलो.

१५ मार्च
सगळी केळफुलं उतरवली; घड धरला की त्यांचं काम संपतं. एक लोंबतं ठेवलं नाही. खांदा कामातून गेला. वैशाली बांधावर उभी. तोंड उघडलं, परत मिटलं. मला वाटलं, कौतुक.

१६ मार्च
साहेब आले, निलेशच्या वयाचे. मळा बघून कपाळाला हात. "दादाजी, ये क्या कर दिया? इनकी तो थाली ही उठा ली!" कापूस, हरभरा कधीच निघाला, गिलकी-काकडी अजून फुलायची. माश्या केळफुलातलंच खात होत्या. सातेरी जात, उपाशी राहिली की अख्खं घर उठून जातं म्हणे. महिनाअखेरीस परत येणार.
वैशालीला हे माहीत होतं. सांगणार कुणामार्फत?
जेवण गेलं नाही.

१७ मार्च
सौ. आली. दोघांनाही झाडलं. "मी मेल्यावर काय खाणाखुणा करणार आहात?" वैशाली पेटीत साखरेचं पाणी ठेवते. डोळे सुजलेले. मी पेपर वाचल्यासारखं केलं. फार वाईट वाटलं.

१९ मार्च
नव्या घडांची केळफुलं राखली, पुरत नाहीत. शेजारच्या रामदासकडे गेलो. ज्याला तीस वर्षं "केळफूल तोड रे आळशा" म्हणून रागावलो, त्याला हात जोडून म्हटलं, तोडू नको. अर्धं बहादरपूर गाव हसलं. हसू दे. त्याने चार ओळी ठेवल्या. वर चहा पाजला, लेकाचा.

२६ मार्च
माश्या कमी वाटतात. रामदासच्या ओळीत दिसतात, पण आपल्या की दुसऱ्या कुणाच्या, कसं ओळखणार. सौ.ला म्हणालो, वैशालीला विचार. सौ. म्हणाली, तुम्हाला जीभ नाही?
नाही विचारलं.

३० मार्च
उद्या साहेब. सकाळी बांधावर चहा. मागून, "आबा."
मी वळून सौ.ला शोधलं. सौ. घरी.
"आबा, पेटी उघडायचीय. झाकण धरता?"
धरलं. "हलू नका," म्हणाली. नाही हललो. नऊ वर्षांत पहिल्यांदा सुनेनं दटावलं, आणि मला इतकं बरं वाटलं.
पोळ्यावर माश्या होत्या, पण जागोजागी मोकळं. राणी दिसेना. वैशाली एका बाजूने बघत होती, मी दुसऱ्या.
"राहतील का गं?" मीच विचारलं.
"काय माहीत, आबा. तुमच्या बाजूला नीट बघा ना."
बघतोय म्हटलं.