एका कापडात दोन शर्ट

३ मार्च
दवाखान्यातल्या सिस्टरने मला आणि धाकट्या भावाला शौचाच्या तपासणीची एकेक डबी दिली. आतड्याचा कॅन्सर वेळीच कळावा म्हणून. डोळ्यांना न दिसणारं रक्तही सापडतं म्हणे. मला तर चार महिने दिसतंय. पण ती मूळव्याध. दिसतंय ते शोधायला डबी कशाला? तरी उद्या नक्की.

११ मार्च
गणवेशांची ऑर्डर आहे. शिंप्याला मरायला फुरसत नाही. बायकोने विचारलं, डबी दिली का. हो म्हणालो.

१२ मार्च, सकाळी ९
बायकोशी खोटं बोलणं बरं नव्हे, म्हणून ते खरं करून टाकलं. धाकट्याची भरलेली डबी आमच्या दोघांच्या दुकानात होती. तो चहाला गेल्यावर त्यातलंच थोडं माझ्या डबीत घातलं. एका कापडात दोन शर्ट बसवायचं कसब चाळीस वर्षांचं आहे. शिवाय धाकटा ठणठणीत, रिपोर्ट चांगलाच येणार.

२ एप्रिल
दोघांचेही पॉझिटिव्ह. आतून कॅमेऱ्याने तपासायला बोलावलंय. मग हिशोब केला : दोन्ही धाकट्याचेच. म्हणजे मी सुटलो. सुटलो म्हणताना लाज वाटली, पण सुटलो.

९ एप्रिल
धाकटा घाबरला, तपासणीला जायला तयार नव्हता. दटावून नेला. एक गाठ निघाली, तिथल्या तिथे काढली. आता धोका नाही. रडला. दादा, तू होतास म्हणून, म्हणाला. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावाने तर उशीर करूच नये. मान डोलावली. गणवेश संपले की जाणार.

२० जून
कंबर अडतीसवरून चौतीस. सकाळी चालण्याचा गुण. पँट स्वतःच आत घेतली. चालताना धाप लागते, ती उन्हामुळे.

१५ ऑगस्ट
चक्कर आली, दुकानातच पडलो. धाकट्याने उचलून नेलं.

२२ ऑगस्ट
माझ्या आतड्यात कॅमेरा गाठीच्या पुढे जाईना. यकृतातही पसरलंय. डॉक्टरांनी विचारलं, मार्चचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, तेव्हाच का आला नाहीत? म्हणालो, तो नमुना माझा नव्हताच, धाकट्याचा होता. धाकटा शेजारीच बसला होता. त्याने हळूच विचारलं, दादा, मग तुझा कुठेय?
मी दिलाच नव्हता.