खारजमिनीची गादी

४ मे
आजपासून रोजनिशी. भूकंप कधी होणार हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तो प्रश्न मी सोडून दिला. झालाच तर कुठली जमीन किती हलेल, एवढंच मी सांगणार. धाटावच्या कंपनीत बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. काय कशावर ठेवलं की हलत नाही, हे माझ्याएवढं पेणमध्ये कुणाला कळत नसेल.

७ मे, सकाळी
खाणीत सुरुंग उडाला. गणपतीच्या कारखान्यातल्या फळ्या थरथरल्या. बायकोनं, सरूनं मान वर केली नाही, सोंड लावत होती. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गणपतींचे डोळे आखले, यंदा पहिल्यांदा तिचा स्वतःचा कारखाना. शाडूच्या दोनशे बारा मूर्ती. आणि कारखाना टेकडीवर, कातळात. निष्कर्ष: कातळ हलतो. हादरा-अंक दहापैकी आठ.

९ मे
प्रयोग. सरूचा भाऊ काळुराम धरमतरला खारजमिनीत राहतो. त्याच्या रिकाम्या शेडमध्ये पाटा टाकला. नुसतं थप्प. अर्धा रुतला. कातळावर टाकला तेव्हा उसळून माझ्या अंगठ्यावर आला होता. खारीचा अंक: एक.
शिवाय मूर्ती टेम्पोतून नेताना खाली पेंढा घालतातच. मग अख्खा कारखानाच मऊ जमिनीवर का नको? इतक्या वर्षांत पेणमध्ये हे कुणाला सुचू नये, वाईट वाटतं.

१२ मे
काळुराम म्हणाला, भावजी, नका आणू. बांधावरनं डंपर गेला तरी माझ्या घरातली भांडी वाजतात. मी म्हटलं, तो भांड्यांचा दोष. म्हणाला, व्हय, आणि तुमचं डोकं वाजतं तो टोपीचा. शिक्षण नाही, दुसरं काय.

१५ मे
सरू नाही म्हणाली. मी विचारलं, नवऱ्यावर विश्वास आहे की नाही? ती बराच वेळ हात धूत राहिली. मग म्हणाली, न्या. पटलं तिला.

१८ मे
दोनशे नऊ मूर्ती हलवल्या. एकही तडा नाही. सोंड तुटलेल्या तीन टेकडीवरच ठेवल्या, तुलनेसाठी. गेल्या तर गेल्या.

३ जून
रंग झाला. सरू आता तिकडेच राहते, डोळे आखते. इथे जेवणाचे हाल. संशोधनासाठी सोसतो आहे.

११ जून, दुपारी ४.१०
भूकंप! लहानसा, लांबचा. टेकडीवर होतो, काही कळलंही नाही, मोबाईलवर वाचलं. तिन्ही तुटक्या मूर्ती जागच्या जागी. कातळच इतका शांत, तर खारीत पानही हललं नसणार. काळुरामचे फोन येतायत. उचलत नाही. अभिनंदन प्रत्यक्षच घेईन.

११ जून, सायंकाळी
शेड होडीसारखी डुलली म्हणतात. फळ्यांवर फळ्या. बारा मूर्ती उरल्या. सरू चिखलात बसली होती. मांडीवर एक मुखडा, एकच डोळा आखलेला. दुसऱ्यावर कुंचला टेकवला आणि हललं, असं काळुराम म्हणाला. मी म्हटलं, फळ्या जरा उंच झाल्या. 

२० जून
सरू पुन्हा जुन्या मालकाच्या, हिरामणच्या कारखान्यात डोळे आखायला जाते. विसावं वर्ष. माझ्याशी दिवसातून एकदाच बोलते, ताट ठेवताना: घ्या. खारीचा अंक सुधारला. एकऐवजी दीड.

२ जुलै
भूकंपाचा अभ्यास करणारे एक साहेब शेड बघायला आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन गेलो. वही त्यांना नको होती. म्हणाले, मऊ चिखल खडकापेक्षा जास्त हलतो, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. मी म्हटलं, मतभेद असू शकतात. मग त्यांनी सरूला विचारलं, इथे किती हलेल, याचा आधी कुणाला अंदाज होता का?
सरू म्हणाली, होता की, ह्यांना. हे सांगतील त्याच्या उलट धरा, तुमचं काम होईल.
मी हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.