काच पुसायची नि सोडून द्यायची

सोमवार, ३ तारीख

लेकीने ही वही दिली. म्हणाली, आई, रोज चार ओळी लिही, नाहीतर चौथीपर्यंतची अक्षरं गंजतील. लिहिते बाई.

आज कामाचा पहिला दिवस, आणि काम मला आवडलं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं गॅरेज. धूर नाही, तेलाचे डाग नाहीत. माझ्या वाट्याला आतून ओल्या झालेल्या गाड्या. मिस्त्रीने समजावलं की थंडीत लोक चार्जिंग वाचवायला हीटर लावत नाहीत, बाहेरची हवा आत घेत नाहीत, आणि दिवसभर आत बसून श्वास सोडतात. तो जाणार कुठे? काचेवर. कंजूषपणा त्यांचा, पुसायला मी. मॅट काढायच्या, पुढच्या काचेखालची पाणी वाहून जायची भोकं मोकळी करायची, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या, दारं घट्ट लावायची. झालं.

कोपऱ्यात एक करडी गाडी पडून आहे. आतून कायम ओली, म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही. गॅरेज मिस्त्रीचंच. तो म्हणाला, मावशी, ही कोरडी करून दाखवा, विकेपर्यंत तुमची लेक वापरू दे. जावई दूर कामाला, आणि लेक तान्ह्याला छातीशी धरून गारठ्यात बसची वाट बघते. मी म्हटलं, किल्ली काढून ठेव.

गुरुवार, ६

गाडी हट्टी, तर मी तिची सासू. भोकं मोकळी आहेत. दारांची रबरं धड आहेत. मॅटखाली हात फिरवला तर खडखडीत. बंद करून घरी गेले. सकाळी बघते तर काचा आतून घामेजलेल्या! पुसून फडकं पिळलं तर पाणी कोमट. बाहेर हाडं गोठताहेत आणि हे कोमट.

मिस्त्री हसला. म्हणे आधीची बाईही हेच म्हणायची. ती रोज काच पुसायची नि सोडून द्यायची, गाडी वाळवायला हातच लावायची नाही. त्याने हीटर लाव म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. कामचुकार कुठली.

शनिवार, ८

जिरवली! गरम हवेचं यंत्र लावलं, होत्या नव्हत्या तेवढ्या पुड्या आत कोंबल्या, दारं बंद करून दुपारपर्यंत तसंच ठेवलं. पुड्या दगडासारख्या जड झाल्या. आत पापडासारखं कोरडं. मिस्त्रीने हात जोडले, म्हणाला, मावशी, तुमच्यापुढे पाणीसुद्धा पळतं.

लेक गाडी घेऊन गेली. पोराची खुर्ची मागे बांधली. जाताना हसली. कितीतरी दिवसांनी.

मंगळवार, ११

लेकीने भरलेली पाण्याची बाटली गाडीत ठेवली होती. झाकण गच्च, आणि आत थेंब नाही. बाटली चोळामोळा झालेली. मी म्हटलं, तूच प्यायलीस आणि विसरलीस. ती चिडली. ओठ फुटलेत तिचे. थंडी आहे, दुसरं काय.

गुरुवार, १३

लेकीचं दूध आटलं. काल होतं, आज नाही. डॉक्टरीण म्हणाली, पाणी प्या, ताण घेऊ नका. पाणी तर ती म्हशीसारखं पिते आहे. पोराला पुसायच्या ओल्या कागदांचं पाकीट गाडीतून आणलं. न फोडलेलं. आतले कागद कुरकुरीत.

मी उगीच मनात काही आणत नाही. तरी—

शुक्रवार, १४

खात्री करून घेतली. लेकीने गाडी चार्जिंगला गॅरेजात लावली होती. मिस्त्री जेवायला गेला तेव्हा फडकं पाण्यात बुचकळून गाडीच्या सीटवर टाकलं. दार लावून काचेतून बघत राहिले. फडकं आखडलं, ताठ झालं. आतून आवाज आला. तान्हं दूध ओढतं तसा.

आता कळलं. ही गाडी आपल्याच ओलीवर जगत होती. श्वास सोडायची, काचेवरचा परत चाटायची. आधीच्या बाईला ठाऊक होतं, म्हणून ती वाळवत नव्हती. शहाणपणा मी केला. हिला तहानेली केली, आणि लेकीच्या हातात किल्ली दिली.

मिस्त्रीला सांगितलं. म्हणाला, मावशी, दोन दिवस सुट्टी घ्या, आणि गाडी लेकीच्या ताब्यात दिली.

शनिवार, १५

पोर रडतंय आणि डोळ्यात पाणी नाही. त्याची टाळू खोल गेली आहे. लेकीला म्हटलं, दोघं त्या गाडीत बसू नका, तुझ्या पाया पडते. ती म्हणाली, आई, तुला चांगल्यातही खोट दिसते, पोराला दवाखान्यात न्यायला आता बस शोधू का? शेजारणीला हाक मारली. तिच्या गाडीतून दोघांना पाठवलं. करडीची किल्ली कमरेला खोचली.

आता हिचं पाणी हिला परत करायचं. सुटका त्यातच.

पाण्याने भरलेल्या बादल्या आत ओतल्या. खाली थेंब उरला नाही. तहान भागेना म्हणून मी आत वाकले, मागच्या सीटखाली ओतायला—

दार लागलं.

दुपार असावी

हँडल मेलंय. काच फुटत नाही. हाका मारल्या, आता आवाज निघत नाही. खिशात वही होती.

श्वास सोडला की काचेवर धुकं येतं. मग एका कडेने पुसलं जातं. सावकाश. जिभेने पुसावं तसं.

हात बघितले. माझ्या आईचे दिसतात, शेवटच्या आजारातले.

भीती— होती. आता एवढंच, की हिचं पोट माझ्यावरच भरावं. पोराच्या डोळ्यात पाणी यावं.

पेन अडतंय. जिभेला लावलं. जीभच—

लेकी, गाडीत मी दिसले नाही तर शोधू नकोस. काचेवर असेन. कोमट लागेन. पुस नि सोडून दे. मिस्त्रीला सांग, कुणालाही हिला कोरडी करू देऊ न—