मागचे स्ट्रट आणि माझे कान

अजमान, रविवार, १४ डिसेंबर

गाडीचे मागचे दोन स्ट्रट, म्हणजे धक्के झेलणारे दांडे, बदलण्याचा खरा खर्च म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस, हुकलेली बिर्याणी आणि बायकोचे, सुनंदाचे, टोमणे. दिरहमचं काय, ते परत कमावता येतात.

दसऱ्यापासून वळणावर मागून गडगड ऐकू यायची. मी बायकोला ठणकावून सांगितलं, "स्ट्रट गेले. माझे कान चुकत नाहीत." याच कानांवर तर इथे धंदा उभा केला! काल स्ट्रट बदलले, तर गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं. सुनंदा म्हणाली, "उद्या सरळ झालं तर ठेवा, नाहीतर खलास, विकून टाका." माझ्या कमाईची पहिली गाडी. विकायची?

आज अलाइनमेंटला नेली. मिस्त्री म्हणाला, "सेठ, पहले डिकी खाली करो, वजन से हिसाब बिगड़ता है." सामान मागच्या सीटवर आलं. दसऱ्याच्या पूजेचा नारळ, जो वॉचमनने पार्किंगमध्ये फोडू दिला नव्हता, तो सुनंदाने मांडीवर घेतला. आधी मागची चाकं जुळवली, मग पुढची. रास अल खैमाच्या रस्त्याला लागलो, तर स्टिअरिंग अगदी नाकासमोर! वळणावर गडगडही नाही. मी चक्क गाणं म्हटलं. सुनंदा हसून म्हणाली, "राहू द्या तुमची लाडकी. जिंकलात!"

जिंकलोच की. काय हे कान!

घरी आल्यावर तिने सामान परत डिकीत भरलं. संध्याकाळी दूध आणायला निघालो. पहिल्याच वळणावर नारळ गडगडला.