सुटली म्हण

द्वारका, नवी दिल्ली
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप दादा,

हेमाचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे देवाच्या दयेने ठीक आहोत. तू ठीक असशील आणि वहिनीचा गुडघा जिना चढू देत असेल असं धरून लिहिते. कागद पाठकोरे आहेत, रागावू नकोस. एका अंगाला छपाई आहे, पण दुसरं अंग कोरं करकरीत आहे, आणि असला जाड कागद रद्दीत घालणं माझ्या जिवावर येतं. स्पीड पोस्टाने पाठवतेय, म्हणजे दिवाळीच्या आत पोचेल.

इथे सकाळी धूर उतरायला लागलाय. ह्यांचं फिरणं बंद करून टाकलं, तर आता घरातल्या घरात, गॅलरीपासून दारापर्यंत शंभर फेऱ्या मारतात आणि मोठ्याने मोजतात. माझं स्तोत्र त्यात चुकतं. आमचा मानस मानेसरला रोज कंपनीच्या बसने जातो, सहालाच निघतो. भाजणी घरीच भाजली. इथल्या चक्कीवाल्याला 'जरा मोटा रखना' म्हटलं की तो मैदा करून देतो.

उत्तरा बरी आहे. तिचं काम चालू आहे.

हे वरचं वाक्य लिहून मी देवापुढे दिवा लावायला उठले आणि परत आले. खोटं नाहीये ते. पण त्याने तुला काही कळणारही नाही. फोनवर तिचं नाव निघालं की तू 'घे, वहिनीशी बोल' म्हणतोस आणि फोन हातातून जातो. पत्र तसं कुणाच्या हातात देता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुझी लेक चार वर्षं नक्की काय करते, हे तुला कुणी धड सांगितलेलंच नाही. मलाही कळत नव्हतं. विचारलं की म्हणायची, 'आत्या, गणित.' मी मॅट्रिक, मला गणित म्हणजे बेरीज, तीही मी दोनदा करते, वरून खाली आणि खालून वर. हे तर तिला चिडवायचे, 'नाव उत्तरा आणि चार वर्षं नुसते प्रश्न!' त्यावर ती म्हणायची, 'काका, पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा. जरा दम धरा.' म्हणजे उत्तरा नक्षत्राचा पाऊस पडला तर पीक असं येईल की कुत्रंसुद्धा भाताला तोंड लावणार नाही. हे हसत सुटायचे. म्हणी तिने तुझ्याकडूनच उचलल्यात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी चिरोटे करत होते. उत्तरा मदतीला बसली. तिचा प्रबंध छापून तयार होता, सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता. त्यातला मुख्य भाग एका परदेशी मासिकाने छापायला स्वीकारलाही होता. सोनीपतकडच्या एका खाजगी विद्यापीठात नोकरी ठरल्यातच जमा होती. पोरगी चार वर्षांत पहिल्यांदा गुणगुणत होती, दादा.

मी तीन पोळ्यांत साटा लावून गुंडाळी केली आणि लाट्या कापल्या. कापलेल्या लाटीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आत्या, हे बघ. हेच माझं काम."

"चिरोटे?"

"पदर. असं समज, एक पृष्ठभाग आहे. आपल्या डोळ्यांना दिसणार नाही अशा जागेतला, कारण त्या जागेला आपल्यापेक्षा जास्त दिशा आहेत. तो सगळा पदरांचा बनलाय, एकाला लागून एक. त्यातला प्रत्येक पदर स्वतःपुरता अगदी निर्दोष. खोट काढायला जागाच नाही."

"मग प्रश्न कुठे आहे?"

"एका पदरावरून शेजारच्या पदरावर जाताना. तिथे किती सफाई राहते? सफाईला आम्ही इयत्ता लावतो, पहिली, दुसरी अशा. वरून पृष्ठभाग जेवढा सुबक, तेवढीच पदरांची मांडणीही सुबक असते, की एक इयत्ता खाली घसरते? सरळ हिशेब केला तर घसरायला हवी. पण पृष्ठभाग दुसरीतला किंवा वरच्या इयत्तेतला असेल, तर घसरत नाही. हे फार पूर्वीच सिद्ध झालंय."

"आणि तुझा कितवीतला?"

"पहिलीच्या पुढचा, पण दुसरीच्या अलीकडचा."

"अशी इयत्ता असते?"

"माझ्याकडे असते. तिथेही घसरत नाही, असं मी दाखवलंय."

दादा, मला ते फार आवडलं. वरून जेवढं नीट, तेवढंच आतून नीट. मी रोज देवापुढे वेगळं काय मागते? पण मला प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची खोड. लाटी लाटता लाटता विचारलं, "साटा कमी पडला तिथे पदर चिकटतात, मग तळताना सुटत नाहीत. तुझ्या पदरांत सगळीकडे सारखं अंतर आहे, हे तू बघितलंस की धरून चाललीस?"

ती हसली. मग हसायची थांबली. हातातला पुढचा चिरोटा तिने तसाच ताटात ठेवला आणि पीठ लागलेल्या हातांनीच खोलीत गेली.

दसरा तिने खोलीत घालवला. सोनं द्यायला बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते, पण चेहरा रिकामा. शुक्रवारी दुपारी मला म्हणाली, "आत्या, तू बरोबर होतीस. सेहेचाळीसाव्या पानावर मी धरून चाललेय. पदर किती जवळ येऊ शकतात ह्याला मी एक मर्यादा लिहिलीय, आणि ती सिद्धच केलेली नाही. त्याच्यापुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं आहे."

"मग ती ओळ सिद्ध कर!"

"वर्ष लागेल. कदाचित दीड. कदाचित होणारच नाही."

आता पुढचं, ज्यासाठी मी एवढा चक्की-भाजणीचा पाल्हाळ लावला.

मी तिला गप्प राहायला सांगितलं. म्हटलं, तुझ्या मार्गदर्शक मॅडमनी वाचलं, त्या मासिकातल्या विद्वानांनी वाचलं, कुणाला दिसलं नाही. कुणाला कळणार आहे? सोमवारी देऊन टाक. पदवी घे, नोकरीवर रुजू हो, मग सावकाश शोध काय शोधायचं ते. ती म्हणाली, "मला कळलंय ना." मी तिचा हात धरला, माझ्या गळ्याला लावला आणि म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, कुणापाशी बोलशील तर."

तीस वर्षं शनिवार सोडला नाही की चतुर्थी मोडली नाही, आणि मी खोटं झाकायला शपथ घातली.

का घातली ते तुला मी सांगायला नको. चार वर्षांपूर्वी बँकेची नोकरी सोडून ती इकडे निघाली तेव्हा तू दारात उभा राहून काय म्हणालास, ते वहिनीने मला रडत रडत सांगितलंय. "पदवी हातात घेऊन ये, नाहीतर ह्या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे." तिने ती पाळली. चार दिवाळ्या तिने ह्या द्वारकेत काढल्या. वहिनी एकदा येऊन भेटून गेली, तेवढंच. ह्या वर्षी प्रबंध जाणार, उन्हाळ्यात पदवी, आणि मग ती घरी जाणार, हे मी मनात पक्कं करून ठेवलं होतं. तुमच्यासाठी चिरोटे भरून द्यायला डबासुद्धा वेगळा काढून ठेवला होता.

तिने माझं ऐकलं असतं तर मी आज तुला आनंदाचं पत्र लिहिलं असतं, आणि त्याच्या आत काय आहे हे कुणालाच कळलं नसतं.

तिने ऐकलं नाही. पण शपथ मोडलीही नाही, दादा. देवाला हात न जोडणारी ती पोर. शनिवारी सकाळी माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आत्या, सुटली म्हण."

लहानपणी आपण म्हणायचो तसं. कुणी शपथ घातली की त्याच्या मागे मागे फिरायचं, 'सुटली म्हण, सुटली म्हण', आणि तो म्हणेपर्यंत पाठ सोडायची नाही.

मी म्हटलं, "तुझा कुठे विश्वास आहे असल्या गोष्टींवर?"

"नाही. पण तुझा आहे. मी मोडली आणि तुला साधा खोकला झाला, तरी तू मनात काय म्हणशील? आणि मी काय म्हणेन?"

"मी नाही म्हणणार."

"अच्छा," म्हणाली आणि पाटावर बसून मटार सोलायला लागली. दुपारी पुन्हा, "सुटली म्हण." संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा. आवाज चढवला नाही, रडली नाही. हे म्हणाले, "अगं, काय सुटायचंय एकदाचं ते सोड, फोडणी जळतेय." त्यांना काही माहीत नव्हतं.

रविवारी पूजेला बसले. फूल हातात घेतलं आणि मला तू दिसलास. कोरेगावचा, चोवीस वर्षांचा, पायाला माती, भूमी अभिलेखची ती मोजणीची साखळी ओसरीवर पसरून बसलेला. एक कडी उघडून लांबली होती. तेवढ्याने अकरा शेतांच्या हद्दी चुकल्या होत्या, आणि त्या हद्दींवर साहेबाची सही होऊन गेली होती. आपले अण्णा ओरडत होते. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, स्वतःला शहाणी समजत होते. मी तुला म्हणाले, "दादा, कुणाला कळणार आहे?"

तू काय म्हणालास, आठवतं? "मला कळलंय ना."

दुसऱ्या दिवशी जाऊन तू स्वतःविरुद्ध अर्ज दिलास. अकरा शेतं भर उन्हात पुन्हा मोजलीस. शेतकऱ्यांनी शिव्या दिल्या, आणि साहेबाने तुला गडचिरोलीला पाठवलं. आम्ही सगळे तुला वेडा म्हणालो. मी तर मैत्रिणींना सांगायचे, आमचा दादा जरा भोळा आहे. पण तेव्हापासून मी कुठलीही बेरीज दोनदा करते, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. भोळ्या माणसाकडून एवढं शिकले, हे कबूल करायची लाज वाटायची.

चव्वेचाळीस वर्षांनी मी तेच वाक्य तुझ्या मुलीला म्हणाले, तिनेही मला तेच उत्तर दिलं, आणि मी तिला शपथ घातली. दोन्ही वेळा चुकीच्या बाजूला मीच.

फूल वाहिलं, उठले, तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सुटली."

तिने विचारलं, "नक्की?"

"सुटली म्हटलं ना! आता कर काय करायचं ते."

तिने माझ्यासमोर मासिकाला लिहिलं की माझा लेख छापू नका, त्यात चूक आहे, ती मलाच सापडली आहे. मॅडमना फोन केला. ती ओळ, आणि ती चिरोट्याच्या साट्यावरून कशी सापडली, सगळं मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमने देखा, मैंने क्यों नहीं देखा?" आणि पुढे, "ये साटा क्या होता है? आंटी से पूछकर बताना." दादा, एवढ्या मोठ्या बाईंना मी गुरुवारी तांदळाची पिठी आणि तूप फेसून दाखवलं. त्यांनी सहा चिरोटे खाल्ले.

सोनीपतच्या नोकरीचं आता नाही जमणार, असं तिथल्या विद्यापीठाने गोड शब्दांत कळवलंय. प्रबंध सोमवारी दिलाच नाही. पदवी येत्या उन्हाळ्यात नाही. पुढच्याही उन्हाळ्यात येईल का, सांगता येत नाही.

आणि ती? ती सकाळी मेट्रोने जाते, संध्याकाळी येते, पदर चिकटतात कसे ते कागदावर काढते. मला विचारते, "आत्या, साटा पातळ झाला तर आधी कुठे चिकटतं, मधे की कडेला?" मी म्हटलं कडेला, कापताना दाब पडतो ना. तिने ते लिहून घेतलं. मी आजवर पुष्कळ कीर्तनं ऐकली. आपलं केलेलं आपल्या हाताने उसवून त्याच दोऱ्यापाशी इतक्या शांतपणे पुन्हा बसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पाहिलं होतं एक, तेव्हा ओळखता आलं नाही.

हे कागद कसले आहेत ते तुला आता कळलं असेल. तिच्या प्रबंधाचीच पानं आहेत. ती रद्दीत घालत होती, मी मागून घेतली. हे शेवटचं पान उलटून बघ. खाली आकडा आहे सेहेचाळीस. मधल्या एका ओळीखाली लाल रेघ आहे आणि समासात तिच्या अक्षरात लिहिलंय, 'हे मी पाहिलेलं नाही.' बाकीचं तुला कळणार नाही, मलाही कळत नाही. तेवढी एक ओळ तुला कळेल. तुझा स्वतःविरुद्धचा अर्ज त्याच जातीचा होता.

तिला तुझ्याकडून काही नको. तिने मला हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही, तिला ठाऊकही नाही. पण परवा ती वहिनीशी फोनवर बोलत होती. वहिनी म्हणाली असावी, ये गं दिवाळीला. ही म्हणाली, "आई, बाबांची शपथ आहे." रागाने नाही म्हणाली. बाहेर ऊन आहे म्हणावं, तसं म्हणाली. पदवी मिळेपर्यंत ती येणार नाही, आणि पदवी कदाचित मिळणारही नाही, आणि ती तरीही शपथ मोडणार नाही. तुझ्या गळ्याची आहे ना.

पुढच्या गुरुवारी, तेवीस तारखेला, भाऊबीज. एवढी वर्षं तू माझी ओवाळणी कधी चुकवली नाहीस. ह्या वर्षी साडी नको, पाकीट नको. मी इथून तुझ्या नावाने ओवाळीन. संध्याकाळी सातला ती घरी असते. फोन कर, वहिनीच्या हातात देऊ नकोस, आणि एकच शब्द बोल.

दादा, सुटली म्हण.

तुझ्या मागे मागे फिरणारी,
हेमा